फाट्यावरच्या रेघा

कमळाकरचा दिवस पहाटे सव्वाचारला सुरू व्हायचा. कामावर होता तेव्हाही, आणि निवृत्त झाल्यावरही. पहिली पाळी सहाची असायची. चिंचशेत ते खोपोली सायकलनं पाऊण तास. तो पावणेपाचला निघायचा आणि साडेपाचला कारखान्याच्या गेटवर बसलेला असायचा. अर्धा तास कशाला वाया घालवतोस, असं मी एकदा विचारलं. म्हणाला, दम लागलेल्या माणसानं ओझं उचलू नये. चूक होते.

मी पोशीर गावचा. आम्ही दोघं खोपोलीच्या एका कागद कारखान्यात माल भरणाऱ्या टोळीत होतो. सव्वीस वर्षं एकच टोळी. कागदाचा गठ्ठा बावन्न किलोचा. एका ट्रकला एकशे ऐंशी गठ्ठे. सात माणसांना एक ट्रक भरायला दोन तास दहा मिनिटं लागायची, पावसात अडीच. टोळीचा नियम होता: मोजणारा उचलत नाही आणि उचलणारा मोजत नाही. मोजणाऱ्यानं ट्रकच्या फाळक्याजवळ उभं राहायचं आणि प्रत्येक गठ्ठ्याला खडूनं एक रेघ मारायची. चार उभ्या, पाचवी आडवी. मोजायची पाळी आली की बाकीचे खूश व्हायचे, कारण तेवढाच कंबरेला आराम. कमळाकर मोजायला उभा राहिला की आराम करतोय असं कधी वाटलं नाही. गठ्ठा जसा हलायचा तशी त्याची मान हलायची.

एकदा असं झालं. ट्रक भरला, ताडपत्री टाकली, दोर आवळला. ड्रायव्हर चढून बसला. कमळाकर फाळक्यावरच्या रेघांकडं बघत उभा राहिला आणि म्हणाला, गाडी खाली करा. मधेच मुनीमानं त्याला काहीतरी विचारलं होतं, तेव्हा एक रेघ मारली की नाही याची त्याला खात्री नव्हती. आम्ही शिव्या घातल्या. एकशे ऐंशी गठ्ठे उतरवले आणि परत मोजले. एकशे ऐंशीच भरले. म्हणजे पहिली मोजणी बरोबर होती, त्याची शंका चूक.  त्यानं सदरा काढला, आणि परत भरताना एकट्यानं नव्वद गठ्ठे वाहिले. नव्वद गुणिले बावन्न. ज्याला समजायचं त्यानं गुणाकार करावा. टोळी महिनाभर त्याच्याशी नीट बोलली नाही. पण त्यानंतर कमळाकरनं मोजलेला ट्रक गेटवर कोणी परत मोजला नाही.

चिंचशेत खालापूर तालुक्यात. मोहोपाड्याकडून येणारा एक आतला रस्ता गावातून जातो आणि पुढं खोपोलीच्या बाजूला निघतो. गाव वर, भातखाचरांच्या कडेला. बौद्धवस्ती खाली, रस्त्याला लागून. वस्तीच्या अलीकडं रस्ता एका कातळाला वळसा घालतो. त्या वळणावर पलीकडून येणारी गाडी दिसत नाही, फक्त ऐकू येते. पाण्याचा नळ, अंगणवाडी आणि विहार रस्त्याच्या त्या बाजूला, घरं या बाजूला. कमळाकरचं घर वळणापासून पहिलं.

त्याच्या बायकोला, गंगाबाईला, ऐकू येत नाही. एकोणीस वर्षं ती खडी फोडायच्या क्रशरवर होती. कान तिथंच गेले. गाडी फक्त ऐकू येते अशा वळणावर न ऐकू येणारी बाई दिवसातून आठ वेळा रस्ता ओलांडायची. ती पायाच्या तळव्यांनी ओळखायची. जमीन थरथरली की थांबायची. टेंपोपर्यंत ते चालत होतं, कारण टेंपो हळू यायचे. मग मोहोपाड्याच्या बाजूचे ट्रक टोल चुकवायला या रस्त्यानं येऊ लागले. रिकामे ट्रक जास्त वाईट. रिकामा ट्रक वेगात येतो आणि जमीन हलवत नाही.

कमळाकरला निवृत्तीनंतर एकच गोष्ट हवी होती. ते ट्रक त्या वळणावरून हटावेत. त्यासाठी त्यानं ग्रामपंचायतीत अर्ज दिले होते. माझ्या माहितीत चार.

वस्तीत प्रबुद्ध नावाचा एक मुलगा होता. मुलगा म्हणजे आता तिशीचा. त्याचे वडील क्रशरवरच गेले, तो तेव्हा आठवीत होता. दहावीच्या परीक्षेला कमळाकरनं त्याला रोज सायकलवर डबल सीट खालापूरला नेलं आणि पेपर सुटेपर्यंत बाहेर थांबला. त्या दिवसांत कमळाकर दुसऱ्या पाळीला यायचा आणि कोणाची तक्रार नसायची, कारण त्यानं पाळ्या आधीच बदलून घेतल्या होत्या. प्रबुद्ध पुढं इंजिनीअर झाला. रस्त्यांचा अभ्यास करणाऱ्या एका कंपनीत लागला. ती कंपनी रस्ते बांधत नाही. कुठं बांधावे ते सांगते.

गेल्याच्या आदल्या वर्षी, डिसेंबरात, प्रबुद्ध कमळाकरकडं आला. मी त्या दिवशी तिथंच होतो. त्यानं चटईवर लॅपटॉप ठेवला. पडद्यावर पनवेलपासून खोपोली-कर्जतपर्यंतचे रस्ते होते, सुतासारखे, आणि त्यावर मुंगीएवढे चौकोन पळत होते. लाल म्हणजे मालाचे ट्रक, पिवळे टेंपो, निळे म्हणजे लोकांच्या खाजगी गाड्या. प्रबुद्ध म्हणाला की कोणत्या कारखान्यातून किती माल निघतो, कोणत्या गावातून किती लोक गाडीनं कामाला जातात, हे सगळं आत भरायचं आणि गाड्या संगणकात चालवून बघायच्या. कुठं रांग लागते, कुठला रस्ता मोकळा राहतो, ते आधीच कळतं.

“नाटकाची रंगीत तालीम असते ना काका, तसं,” तो म्हणाला. “खऱ्या रस्त्यावर काही करायच्या आधी इथं करून बघायचं.”

मुख्य रस्त्याचं मोठं काम निघणार होतं. ते चालू असताना मालाच्या गाड्या कुठून वळवायच्या, आणि आतल्या गावांना बाहेरून रस्ता द्यायचा का, हे या तालमीवर ठरणार होतं. त्यासाठी आधी खऱ्या गाड्या मोजायला हव्या होत्या. माणसं बसवून.

कमळाकरनं विचारलं की हा लाल चौकोन भरलेला आहे की रिकामा. प्रबुद्ध म्हणाला, ते आपल्याला कळत नाही. कमळाकर म्हणाला, मला कळतं. चाकावरचे कमानपाटे बघायचे. सपाट झाले असतील तर भरलेला, वाकलेले असतील तर रिकामा. वाळू असेल तर मागून पाणी गळतं. कागद असेल तर गाडी वळणावर डुलते. प्रबुद्ध हसला आणि म्हणाला, काका, तुमच्याएवढा मोजणारा मला महाराष्ट्रात मिळायचा नाही.

गंगाबाई चुलीजवळ बसून सगळ्यांची तोंडं वाचत होती. तिचा आवाज मोठा. ऐकू न येणाऱ्यांचा असतो तसा.

“अवो, तुमच्या रेघांनी ट्रक थांबतो काय?”

कमळाकरनं हातानं खूण केली, थांबेल. ती म्हणाली की मग आधीच मारायच्या होत्या, भिंत मोकळी होती.

जानेवारीत सात दिवस मोजणी होती. गावाच्या वरच्या फाट्यावर एक टेबल, दोन खुर्च्या. सकाळी सहा ते दोन आमची पाळी, दोन ते दहा दुसऱ्यांची. खोपोलीकडं जाणाऱ्या गाड्या कमळाकरनं मोजायच्या, मोहोपाड्याकडं जाणाऱ्या मी. मी सात दिवस त्याच्याकडंच मुक्कामाला होतो. पहाटे सव्वाचारला तो उठायचा, मग मलाही उठावं लागायचं. मोजणीच्या आदल्या दिवशी चौक गावच्या शाळेत सगळ्या मोजणाऱ्यांना शिकवणी झाली. प्रबुद्धनं शिकवलं. कागदावर पंधरा-पंधरा मिनिटांचे डबे, दुचाकी, रिक्षा, मोटार, टेंपो, ट्रक असे रकाने, आणि शेवटी एक शेऱ्याचा रकाना. काही वेगळं दिसलं तर तिथं लिहायचं. मग त्यानं चाळीस पोरापोरींना ती गोष्ट सांगितली. खोपोलीतला एक हमाल, भरलेला ट्रक, एका रेघेची शंका, आणि गाडी खाली करून परत मोजणी. नाव सांगितलं नाही. कमळाकर मागच्या बाकावर खाली मान घालून बसला होता. प्रबुद्ध शेवटी म्हणाला की मोजणी म्हणजे ही, बाकी सगळी खडूची नासाडी.

हे वाक्य मी मुद्दाम लक्षात ठेवलेलं नाही. ते लक्षात राहिलं.

पहिले दोन दिवस नीट गेले. सकाळी आठ ते नऊ या तासाला कमळाकरच्या बाजूला एकशे नव्वद ते दोनशे दहा गाड्या. त्यात ट्रक पस्तीसच्या आसपास, निम्म्याहून जास्त रिकामे. हे तो रेघेखाली बारीक भ आणि रि लिहून दाखवायचा. कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, पाळी संपल्यावर, कमलेश आला. गावातला. त्याचे तीन टेंपो आहेत आणि डोंगराच्या कडेला जमीन आहे. बाहेरून रस्ता झाला तर त्या जमिनीतून जाणार, असं सगळे बोलत होते. एरवी तो कमळाकरला नुसतं कमळाकर म्हणायचा. त्या दिवशी काका म्हणाला.

त्यानं पंचायतीतून ऐकून आणलं होतं की ज्या गावात गाड्या जास्त दिसतील त्या गावाला बाहेरचा रस्ता मिळेल. चिंचशेतात दिसायला हव्यात. म्हणून उद्या सकाळी गावातली झाडून सगळी वाहनं फिरवायची, देवळाच्या मैदानापासून फाट्यावरून कालव्याच्या पुलापर्यंत आणि परत. आठ ते अकरा. वस्तीतल्या गाड्याही येणार होत्या. वस्तीला तर बाहेरचा रस्ता गावापेक्षा जास्त हवा होता.

कमळाकर म्हणाला की मी खोटी रेघ मारणार नाही.

“खोटी मारा कोन म्हनतंय?” कमलेश म्हणाला. “गाडी गेली की रेघ. गाडी खरी, रेघ खरी. तुमी फक्त बघायचं. आनि काका, ट्रक तुमच्याच दारावरून जातात, माझ्या नाय.”

 रात्री जेवताना मी कमळाकरला विचारलं की प्रबुद्धला फोन करायचा का. म्हणाला, शेऱ्याचा रकाना त्याच्यासाठीच हाय. जे दिसेल ते लिहू. वाचणारा शहाणा हाय.

बुधवारी आठला सुरू झालं. मी बरीच गर्दी बघितली आहे, पण अशी नाही. मोटारसायकली, स्कूट्या, रिक्षा, टेंपो, दोन ट्रॅक्टर, एकाची लग्नासाठी घेतलेली नवी मोटार. सगळे ओळखीचे. कोणी कोणाला आडवा जात नव्हता. पुलावर वळायला जागा कमी, तर पुढचा पूर्ण वळेपर्यंत मागचा थांबायचा आणि हात करायचा. तीन तासांत हॉर्न वाजला नाही. ट्रक आला तर त्याला वाट द्यायचे, कारण ट्रकवाला मधे अडकला तर फेरा मोडला असता. माणसं हसत होती. फेरी होती ती, वरातीसारखी, फक्त नवरा नव्हता.

आठ ते नऊमध्ये कमळाकरच्या बाजूला सहाशे चाळीस गाड्या गेल्या.

त्यानं एकही सोडली नाही. रेघ मारायचा आणि मग शेऱ्यात लिहायचा. कमलेशचा पांढरा टेंपो, तोच, चौथ्यांदा. तोच, सातव्यांदा. हात दुखायला लागला तेव्हा त्यानं पेन डाव्या हातात घेतलं. मी शेरा लिहिला नाही. माझं काम रेघ मारायचं, असं मी धरलं. हे मी इथं लिहून ठेवतो.

साडेनवाला त्याची मुलगी उज्वला आली. ती मोहोपाड्याला एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये आहे, त्या दिवशी तिनं सुट्टी टाकली होती. आम्हाला माहीत नव्हतं. लाल स्कूटी. पहिल्यांदा गेली तेव्हा तिनं टेबलाकडं बघितलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. कमळाकरनं रेघ मारली. ती अकरा वेळा गेली. अकरा रेघा. शेऱ्यात त्यानं लिहिलं: उज्वला कमळाकर, माझी मुलगी, लाल स्कूटी, अकरा वेळा.

घरी त्यानं तिला एवढंच विचारलं की कॅन्टीनला सुट्टी काय सांगून घेतलीस. ती म्हणाली, आईसाठी फिरले. मग दोघंही गप्प झाले. गंगाबाई एकाचं तोंड बघायची, मग दुसऱ्याचं. तिला वाचायला काही मिळालं नाही.

सात दिवस संपले. कागद प्रबुद्धनं स्वतः नेले. कमळाकरनं बुधवारचा कागद वर ठेवला होता आणि शेऱ्यावर बोट ठेवून दाखवला. प्रबुद्धनं वाचला. मी बघत होतो, त्यानं खालपर्यंत वाचला. म्हणाला, बघतो काका. मजुरी रोख मिळाली. कमळाकरनं ती मोजली नाही. पाकिटावर तारीख घालून पत्र्याच्या पेटीत ठेवली. गंगाबाईला कानाचं मशीन घ्यायचं त्याच्या मनात होतं. पनवेलच्या डॉक्टरनं मार्चमध्ये तपासलं आणि सांगितलं की मशीनचा उपयोग नाही, आतली नसच मेली आहे. पाकीट पेटीत राहिलं.

जूनमध्ये मुख्य रस्त्याचं काम सुरू झालं आणि फाट्यावर पाटी लागली. मालवाहू वाहनांसाठी पर्यायी मार्ग. बाण चिंचशेताकडं होता.

कमळाकरनं पाटी लागली त्या दिवशी मला फोन केला. आवाज नेहमीसारखाच. म्हणाला, सकाळच्या तासात एकशे सत्तर ट्रक गेले, तीन पाळ्यांच्या टोळ्यांनीसुद्धा एवढे भरले नसते. तो दारात बसून मोजत होता. कागद नव्हता, तरी मोजत होता.

गावाचा राग त्याच्यावर आला. कमलेश देवळाजवळ सगळ्यांसमोर म्हणाला की कागदावर काय लिहिलं ते यालाच माहीत, यानंच काहीतरी फिरवलं. ज्यांच्या गाड्या आठ-आठ वेळा फाट्यावरून गेल्या होत्या ते ऐकत उभे राहिले. वस्तीतलेही होते. एकानंही म्हटलं नाही की आम्ही फिरलो. कमलेश परत त्याला नुसतं कमळाकर म्हणायला लागला.

ऑगस्टमध्ये गंगाबाई पडली. नळावरून कळशी घेऊन येत होती. जमीन आता दिवसभर थरथरायची, त्यामुळं तळव्यांना काही वेगळं कळेना. रिकामा ट्रेलर वळणावरून आला, तिला लागला नाही, पण त्याच्या वाऱ्यानं ती कातळावर गेली. कोपर फुटलं. कळशी चाकाखाली. ड्रायव्हर थांबला नाही. त्याला ती दिसलीच नसेल. कमळाकरनं चेपलेली कळशी उचलून आणली आणि ओट्यावर ठेवली. ती अजून तिथंच आहे.

त्यानंतर तो प्रबुद्धकडं गेला. मी बरोबर होतो. प्रबुद्ध कर्जतला स्टेशनजवळ भाड्याच्या घरात राहतो. त्यानं जय भीम केला, पाया पडला, बायकोला चहा ठेवायला सांगितलं. कमळाकर खुर्चीवर बसला नाही. म्हणाला, ती तालीम परत दाखव.

प्रबुद्धनं लॅपटॉप उघडला. चिंचशेत आलं. वळण आलं. कातळ नव्हता, नळ नव्हता, नुसती रेघ. त्या रेघेवरून लाल चौकोन जात होते, एकामागं एक, न थांबता. कमळाकर बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं विचारलं की आमचाच रस्ता का.

प्रबुद्धनं सांगायला सुरुवात केली, खाली बघत. संगणक प्रत्येक रस्त्याची ताकद धरतो. तासाला किती गाड्या न तुंबता गेल्या त्यावरून. बाकीच्या आतल्या रस्त्यांवर तीनशे गाड्यांना रांग लागली. चिंचशेतात एका बाजूनं सहाशे चाळीस गेल्या आणि कुठंही रांग नाही, वेगही कमी झाला नाही. म्हणजे हा रस्ता सगळ्यात दमदार. मुख्य रस्ता बंद केला की त्यानं माल आपोआप इकडं वळवला.

मला तेव्हा समजलं. गावानं गर्दी दाखवायला गाड्या काढल्या, आणि एकमेकांना वाट देत देत फिरले. भांडले असते, हॉर्न मारले असते, पुलावर अडकले असते, तर बाहेरचा रस्ता मिळाला असता. नीट वागले, तिथं चुकले.

कमळाकरला ते आधीच समजलं असावं. तो दुसरंच विचारत होता.

“तू शेरे वाचले होतेस.”

“वाचले होते काका.”

“समदे?”

“समदे.” मग तो म्हणाला की शेऱ्याचा रकाना संगणकात भरत नाहीत. त्याला जागाच नाही. कमळाकर म्हणाला, संगणकाला जागा नसेल, तुला होती.  चहा आला. कोणी घेतला नाही. मग प्रबुद्धनं सांगितलं. बुधवार रद्द करायचा तर सगळ्या तालुक्याचा बुधवार रद्द, चाळीस माणसं परत बसवायची, कंपनीचा खर्च, अहवालाला उशीर. त्याची नोकरी तेव्हा कायम व्हायची होती. त्याच महिन्यात. त्याला वाटलं की एका सकाळनं काय फरक पडतो, सरासरीत जाईल.

कमळाकर लॅपटॉपसमोर वाकला. पडद्यावर एका पिवळ्या चौकोनावर त्यानं बोट ठेवलं.

“ह्यो कमलेशचा टेंपो. आनि त्याच्या मागं ह्योबी तोच. ह्यो बी.” मग तो सरळ झाला. “गाडी खाली कर प्रबुद्ध. परत मोजू. आमी दोघं बसतो, मजुरी नको. पायजे तर सात दिवस नाय, चौदा दिवस बसतो.”

“काका, अहवाल गेला. मंजूर झाला. आता खाली नाय करता येत.”

“दोर सोडला की करता येतं.”

प्रबुद्ध रडायला लागला. मोठा माणूस, इंजिनीअर, लॅपटॉप मांडीवर. मला त्याची कीव आली, खोटं कशाला सांगू. कमळाकरला आली की नाही मला माहीत नाही. त्यानं एवढंच विचारलं:

“मग ती गोष्ट त्या पोरांना कशाला सांगितलीस रं?”

 आम्ही निघालो. प्रबुद्धची बायको दारापर्यंत आली, चहा तरी घ्या म्हणाली. कमळाकर तिला म्हणाला, पुढच्या वेळी घेईन पोरी. तो परत कधी गेलेला नाही.

रस्त्यानं येताना मी म्हटलं की आपण वरच्या ऑफिसात अर्ज करू. केला. त्यानं लिहिला, मी सही केली, बुधवारच्या कागदाची त्यानं ठेवलेली नक्कल जोडली. पोच मिळाली. मग ग्रामपंचायतीत अर्ज, वळणावर आरसा लावा म्हणून. घाटात असतो तसा, फुगीर, ज्यात पलीकडचं दिसतं. सरपंचांनी सांगितलं की पुढच्या वर्षीच्या आराखड्यात घेऊ. कमळाकरनं पुढचं वर्ष ऐकलं आणि उठला.

दुसऱ्या दिवशी त्यानं पेटी उघडली. मजुरीचं पाकीट घेतलं आणि पनवेलला गेला. तिथं रस्त्याच्या पाट्या विकणारं एक दुकान आहे. दोन फूट व्यासाचा आरसा, नारिंगी कडेचा. दुकानदारानं विचारलं, ठेकेदार का. हा म्हणाला, नाय, हमाल. आरसा तो मांडीवर घेऊन एसटीनं आला. खांबाला लोखंडी नळी खोपोलीच्या भंगारातून आणली, साडेनऊ फुटांची. पैसे तिथं संपले. सिमेंटची गोणी उज्वला स्कूटीवर पुढ्यात ठेवून घेऊन आली. कोणी सांगितलं नव्हतं. त्यानं तिला नको म्हटलं नाही. पण तो बोललाही नाही, आणि ती गोणी उतरवून तशीच उभी राहिली.

खड्डा मी आणि त्यानं खणला. कातळाच्या पायथ्याला जमीन कठीण, पहार उसळते. अडीच फूट जायला आम्हा दोघांना पावणेचार तास लागले. तो अडुसष्ट, मी सहासष्ट. ट्रक जात होते. एका ड्रायव्हरनं थांबून विचारलं, पंचायतीचे का. कमळाकर म्हणाला, मोजणीवाले.

नळी उभी केली, काँक्रीट भरलं, तीन दिवस पाणी मारलं. चौथ्या दिवशी आरसा बसवला. मी तो ड्रायव्हरच्या उंचीला धरला, जसा घाटात असतो. कमळाकर म्हणाला, खाली घे. मी म्हटलं, इतका खाली वाकवला तर ट्रकवाल्याला काही दिसणार नाही. म्हणाला, त्याच्यासाठी नाय.

त्यानं गंगाबाईला बोलावलं आणि रस्त्याच्या कडेला, ती रोज जिथून ओलांडते तिथं, दगडावर उभं केलं. मी शिडीवर. तो तिच्याकडं बघायचा आणि मला बोटानं खूण करायचा, जरा डावीकडं, जरा खाली. ती आरशाकडं बघत होती. वळणाच्या पलीकडून एक लाल ट्रक आला, आरशात आधी, लहानसा. ती दगडावरच थांबली. ट्रक गेला. भरलेला होता, कमानपाटे सपाट.

“भरलाय,” ती मोठ्यानं म्हणाली.

कमळाकरनं मान हलवली आणि मला म्हणाला, आवळ. मी नट आवळला.

फाट्यावरच्या सात दिवसांचे पैसे त्या आरशात गेले. प्रबुद्धच्या कंपनीचं पाकीट, तारीख घातलेलं, पेटीत रिकामं आहे. तो रोज पहाटे सव्वाचारला उठतो, ओलं फडकं घेऊन जातो आणि गंगाबाई पाण्याला निघायच्या आधी आरसा पुसून ठेवतो. ट्रकांची धूळ फार बसते.